मल्लव्वाच्या दारात उपाशी मेलेला शिरप्या

डॉक्टरांनी मला विचारलं, "शेखलालभाई, दुपारच्या जेवणात काय काय घेता?" मी म्हणालो, "मी काहीच घेत नाही, मला वाढतात." ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. आमच्या सोलापुरातल्या भवानी पेठेतला कुणी तिथं असता, तर हसला नसता. त्यानं माझ्या पोटाकडं बघून मुकाट्यानं मान हलवली असती.

पेठेत माझं मिक्सर आणि पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. बरोबर समोर मल्लव्वाची खानावळ. तिला पाटी नाही. दुपारी बाराच्या सुमाराला गल्लीत भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला की लोक आपोआप वळतात. मल्लव्वा मूळची अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातली. घरात कन्नड बोलत वाढली, लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा तिला मराठी औषधालाही येत नव्हतं. नवरा यंत्रमागावर कामाला होता. तो वारला आणि तिनं खानावळ काढली. गिऱ्हाइकांना वाढता वाढताच ती मराठी शिकली. पहिला शब्द शिकली तो 'घ्या की'. 'पुरे' हा शब्द अजून शिकायचा राहिलाय. कन्नडमध्ये पुरे म्हणायला 'साक' म्हणतात, तेवढा तरी तिला यायला हवा होता. पण तो ती बहुतेक माहेरीच ठेवून आली.

आता आमच्याकडं जेवायला वाढण्याची एक रीत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिल्यांदा 'घेणार का' विचारतात, तो नुसता रामराम असतो. त्याला 'नको' म्हणायचं. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस एकतर आठवड्याचा उपाशी असतो, नाहीतर पुण्याचा. दुसऱ्यांदा विचारलं की पुन्हा 'नको', पण जरा खालच्या आवाजात. तिसऱ्यांदा तोंडानं 'नको' म्हणायचं आणि ताट हळूच पुढं सरकवायचं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी कुणाला शिकवत नाही.

या रीतीत मल्लव्वाचा हात धरणारा माणूस मी पाहिलेला नाही. तुम्ही ताटावर आडवा हात धरला, तर ती हातावर भाकरी ठेवते. तुम्ही ताटावर ओणवे झालात, तर ती पाण्याचा तांब्या पलीकडं ठेवते आणि तुम्ही तिकडं वळलात की वाढून मोकळी होते. विजेच्या मीटरचा आकडा घ्यायला एक माणूस आला होता. त्याला तिनं वांग्याची भाजी, शेंगाची चटणी आणि दही असं सगळं खाऊ घातलं. आकडा घ्यायचा राहिला तो राहिलाच. आता तो बरोबर जेवायच्या वेळी येतो आणि आकडा घेतोच असं नाही.

तर या मल्लव्वाचा भाचा सोमलिंग. तिच्या बहिणीचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरची चांगली नोकरी होती, ती सोडून परत आला आणि मावशीच्या माडीवर बसून मोबाईलवर खेळायचा गेम तयार करायला लागला. पेठेत सगळे म्हणाले, पोरगं वाया गेलं. मीही म्हणालो. दोन वर्षं तो जिन्यावरून फक्त जेवायला उतरायचा. मग एक दिवस पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "शेखलालचाचा, गेम आला बाजारात."

गेमचं नाव 'शिरप्याची उडी'. शिरप्या नावाच्या गड्याची म्हैस पळून गेलेली असते. तिला शोधत तो गावोगाव उड्या मारत जातो. कालव्यावरून उडी, उसाच्या ट्रॅक्टरवरून उडी, धरणाकाठच्या पाण्याच्या मोटारींवरून उडी. पण नुसत्या उड्या मारून भागत नाही, डोकंही चालवावं लागतं. उपाशी राहिला तर शिरप्यात ताकद राहत नाही, आणि जास्त खाल्लं तर जड होऊन उडी तोकडी पडते. म्हणून कुठं किती खायचं याचा हिशेब खेळणाऱ्यानं करायचा. सुरुवातीलाच एका घरापुढं एक बाई उभी असते. ती विचारते, 'जेवून जातोस का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'.

गेम आला आणि लोकांचे अभिप्राय यायला लागले. लांबलांबच्या लोकांनी बरं लिहिलं. कुणी म्हणालं म्हशीचा आवाज मोठा आहे, कुणी म्हणालं कालव्याचं पाणी छान दिसतं. पण आपल्या जिल्ह्यातल्या लोकांनी सोमलिंगला पार धुऊन काढला. बार्शीच्या एकानं लिहिलं, 'शिरप्यात दमच न्हाय.' मंगळवेढ्याच्या एकानं लिहिलं, 'पहिल्याच कालव्यात मेला. परत खेळलो. परत मेला. वाईट वाटलं.' अक्कलकोटहून कुणीतरी एवढंच लिहिलं होतं, 'ती बाई बरोबर न्हाय.'

सोमलिंग तसा मन लावून काम करणारा. त्यानं कालवा अरुंद केला. तरी आपले लोक मेलेच. त्यानं आणखी अरुंद केला, इतका की माझी बायको अजीजा सुद्धा साडी न उचलता ओलांडेल. तरी मेले. मग त्यानं बाईकडं लक्ष दिलं. बाई बरोबर नाही म्हणतायत, म्हणजे दिसायला बरी नसेल असं त्याला वाटलं. तेव्हा आपल्याला माहीत असलेली सगळ्यात मायाळू बाई त्यानं डोळ्यांपुढं आणली आणि तसं चित्र काढलं. कपाळाला विभूती, हिरवी इरकल, पदर कमरेला खोचलेला. हुबेहूब मल्लव्वा. नवा गेम लोकांकडं गेला आणि अभिप्राय आला, 'आता तर लईच वाईट वाटलं.'

हे सगळं मला नंतर कळलं. मी तो गेम हातात घेतला तो दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून. शिरप्या दारापुढं गेला. बाईनं विचारलं, 'जेवून जातोस का?' मी अर्थातच 'नको' दाबलं. आणि वाट बघत बसलो. बाईनं दार लावून घेतलं. मला वाटलं, ताट आणायला आत गेली. मी मोबाईल टेबलाला टेकवून ठेवला आणि एक मिक्सर उघडला. मिक्सर दुरुस्त होऊन बंद झाला तरी दार उघडेना. शेवटी शिरप्याला पुढं ढकलला. तो कालव्यापर्यंत गेला, पोटावर हात ठेवून खाली बसला आणि आडवा झाला.

मला मनापासून राग आला. आजवर मी इतक्या घरांत जेवलो, पण असलं दार पाहिलं नव्हतं. मी पुन्हा सुरू करून बाईचं तोंड नीट बघितलं आणि उडालोच. मग मी काय केलं असेल? तसाच रस्ता ओलांडून मल्लव्वाकडं गेलो. अशा गोष्टी आपल्याजवळ ठेवायच्या नसतात.

मल्लव्वानं पिठाचे हात पदराला पुसले आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरला. आधी खूश झाली.

"माझीच साडी की ही. सोम्यानं काढलं व्हय?"

"अक्का, पुढं बघ," मी म्हणालो आणि 'नको' दाबलं.

दार लागलं. शिरप्या चालत गेला, बसला, आडवा झाला.

"मग?" मल्लव्वा म्हणाली.

"मग काय. मेला."

"मी परत इचारलं न्हाय?"

"न्हाय."

"दार कुणी लावलं?"

"तूच लावलंस की."

जिन्याखाली जाऊन तिनं सोमलिंगला हाक मारली. तो आला, चेहरा फुललेला. त्याला वाटलं मावशी कौतुक करणार.

"सोम्या, ह्यो खेळ किती माणसं खेळत्यात?"

"हजारो, मावशी."

"आन् त्यातली माझ्या दारातनं उपाशी जाऊन मेली किती?"

सोमलिंगला खोटं बोलता येत नाही, हा त्याच्यातला मोठा दोष. तो म्हणाला, "बाहेरचे मरत न्हाईत मावशी. आपल्या जिल्ह्यातले मात्र जवळजवळ सगळेच."

मल्लव्वा भिंतीला टेकून बसली. "खानावळ काढली तवा माझ्याकडं काय बी नव्हतं," ती म्हणाली. "एक नाव कमावलं. मल्लव्वाच्या दारातनं कुणी उपाशी गेलं न्हाय, म्हणत्यात. तेवढंच माझं हाय. ते तू बुडवलंस."

"मावशी, खेळ हाय त्यो."

"खेळ का असंना. दार माझं हाय न्हवं? तोंड माझं हाय न्हवं?"

सोमलिंग म्हणाला, मी तुझं तोंड काढून टाकतो. त्यावर ती आणखी चिडली. तोंड काढलं तर लोक म्हणणार, मारून पळून गेली. मला तिचं म्हणणं पटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं, तेही कांदा चिरत नसताना, आणि मला फार वाईट वाटलं. गेम दाखवायला आपण उगीच धावलो असं क्षणभर वाटून गेलं, पण क्षणभरच.

गोष्ट पेठेत पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी एक गिऱ्हाईक आत येता येताच म्हणालं, "अक्का, आदीच हो म्हणतो बाबा. न्हायतर तू दार लावशील." चारजण हसले. मल्लव्वा हसली नाही. तिनं भाकरीची टोपली कमरेवर घेतली आणि म्हणाली, "बरं. आजपासनं एकदाच इचारणार."

आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली.

ती पहिल्या माणसापाशी गेली. "भाकरी?" तो म्हणाला, "नको." ती पुढं गेली. दुसरा म्हणाला, "नको, नको." पुढं गेली. मी तर हात ताटावर आडवा धरून, मान वळवून, डोळे मिटून "नको अक्का, खरंच नको" म्हणालो. डोळे उघडले तर ती दोन माणसं पलीकडं होती. माझा हात ताटावर तसाच. मी इकडंतिकडं पाहिलं. सगळ्यांचे हात आपापल्या ताटांवर तसेच आडवे धरलेले, आणि कुणाच्याही ताटात काही पडत नव्हतं. समोरचा एक मास्तर टोपलीकडं असा बघत होता की मला बघवेना.

कुणी मागून घ्यावं तर तेही जमेना. तोंडानं 'नको' म्हणून झालेलं. आता 'द्या' म्हणायचं म्हणजे लाजच. चटणी संपली, ताक संपलं, बोटं चाटून झाली. हळूहळू एकेकजण उठला. ज्यानं टर उडवली होती तो तर हात धुवायलाही थांबला नाही. कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाड्यावर त्या दुपारी अशी झुंबड उडाली की गाडेवाल्याला वाटलं कुठंतरी मोर्चा निघालाय.

सोमलिंग कोपऱ्यातल्या बाकावर बसून हे सगळं बघत होता. तो कधी 'नको' म्हणतच नाही. घरचं पोर, ताट संपेपर्यंत जेवायचं आणि उठायचं, एवढंच त्याला माहीत. तो माझ्याजवळ येऊन बसला.

"चाचा, तुमाला भूक नव्हती?"

"लई होती."

"मग नको का म्हणालात?"

"मग काय हो म्हणायचं व्हय?" माझा पोटातला राग सगळा त्याच्यावर निघाला. "आमाला काय आईबापानं वळण लावलंय का न्हाय? पयल्यांदा इचारल्यावर कोण हो म्हणतं? दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा खायचं. तुझ्या त्या बाईनं दुसऱ्यांदा इचारलंच न्हाय, म्हणून त्यो तुझा शिरप्या मेला."

सोमलिंग कपाळावर हात मारून म्हणाला, "म्हणजे कालवा रुंद नव्हता."

"कालवा कशाला रुंद आसंल? बाई आखडू हाय तुझी."

तो तसाच मावशीपाशी गेला आणि तिला समजावून सांगितलं. गेममधल्या बाईला आग्रह करायला शिकवतो, पण आवाज तुझाच पाहिजे. तू मोबाईलपुढं बोल, मी ते त्या बाईच्या तोंडी घालतो. मल्लव्वा लगेच तयार झाली. नाव परत मिळवायचं तर तिनं विहिरीतही उडी मारली असती.

पण मोबाईल पुढं धरला आणि तिला शब्द फुटेना. "हवेला काय वाढू?" ती म्हणाली. समोर माणूस पाहिजे, माणसापुढं ताट पाहिजे, ताटात जागा पाहिजे. दोघांनीही रस्त्यापलीकडं माझ्याकडं पाहिलं. मी दुकान सोडून येत नाही म्हणालो. अजीजा आतून म्हणाली, "जाओ, गेम के वास्ते खाओ. घर में तो बोलते, भूक नहीं." बायकोनं असं म्हटल्यावर माणूस काय करणार.

मी बसलो. मल्लव्वानं विचारलं, मी 'नको' म्हणालो, आणि तिचा आवाज असा सुटला की सोमलिंगच्या हातातला मोबाईल हलला. "आसं कसं नको? एवढी एकच. बारकी हाय बघ. कवापासनं चाललाय, पोटात काय न्हाय. माज्या हातची गोड लागत न्हाय व्हय? आरं तुज्यासाठीच थापली, आता कुणाला घालू?" मी भाकरी खाल्ली. सोमलिंग म्हणाला, शेजारच्या मागाचा खडखडाट आत आला, परत करावं लागेल. परत म्हणजे परत भाकरी. दुसऱ्या वेळी मला ढेकर आला. तिसऱ्या वेळी सगळं छान झालं, पण मी 'नको' म्हणायलाच विसरलो. चौथ्या वेळी मी जो 'नको' म्हणालो तो इतका खरा होता की सोमलिंगनं तोही गेममध्ये घातला. शिरप्याचा आवाज आता माझा आहे. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही.

नवा गेम निघाला. आता शिरप्या 'नको' म्हणाला तर बाई पुन्हा विचारते, मग पुन्हा विचारते, आणि तरी निघाला तर टोपली घेऊन त्याच्या मागं कालव्यापर्यंत येते. उपाशी मरायची सोय राहिली नाही. उलट जास्त खाऊन शिरप्या इतका जड होतो की उडी मारता येत नाही. तेव्हा खेळणारे आता केळीच्या बागेत लपतात, ट्रॅक्टरच्या आडून सटकतात, काय काय युक्त्या करतात. बार्शीवाल्यानं लिहिलं, 'आता बाई बरोबर हाय.' मंगळवेढ्याच्यानं लिहिलं, 'आईची आठवण आली. पोट दुखतंय.' आणि परदेशातल्या कुणीतरी लिहिलं की ही बाई म्हणजे या खेळातला सगळ्यात कठीण शत्रू आहे.

सोमलिंगनं हे चाचरत वाचून दाखवलं. मल्लव्वानं विचारलं, "पण जेवला न्हवं त्यो?"

"जेवला. पोट फुटेपर्यंत."

"मग म्हणू दे शत्रू."

त्या दिवसापासून ती खानावळीतही पुन्हा आमच्या हातांवर भाकऱ्या ठेवायला लागली. आम्ही सगळे सुखानं कुरकुरायला लागलो.

पण तिनं स्वतः तो नवा खेळ पाहिला नव्हता. लोक सांगतात ते ठीक, आपण खात्री करावी, असं तिच्या मनात आलं. खानावळ आवरली होती, मी तिचा बिघडलेला पंखा बघायला स्टुलावर चढलो होतो. टोपलीत शेवटच्या दोन भाकऱ्या उरलेल्या. मल्लव्वाचं जेवण म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर जे काय उरेल ते, उभ्यानंच, ओट्याला टेकून. ती बाकावर बसली आणि सोमलिंगचा मोबाईल मांडीवर घेतला.

शिरप्या दारापुढं गेला. मोबाईलमधली मल्लव्वा म्हणाली, "जेवून जातोस का?"

खऱ्या मल्लव्वानं 'नको' दाबलं. वळणच तसं.

"आसं कसं नको? एवढी एकच."

तिनं पुन्हा 'नको' दाबलं. जरा हळू.

"कवापासनं चाललाय, पोटात काय न्हाय," तिचाच आवाज तिला म्हणाला. "आरं तुज्यासाठीच थापली."

मल्लव्वाचं बोट तसंच राहिलं. ती 'हो' दाबेना, 'नको' दाबेना. बाई आपली विचारत होती, परत परत, न कंटाळता. मग मल्लव्वा बारीक आवाजात म्हणाली, "मला आसं कुणी इचारलं न्हाय रे कधी." कुणाला उद्देशून म्हणाली कोण जाणे. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. नवीनच काहीतरी कळल्यासारखं म्हणाली, आणि मोबाईल बाजूला ठेवून भांडी उचलायला उठली.

माझा पंख्यावरचा हात थांबला. सोमलिंगही उभा राहिला. त्यानं ताटात चटणी घातली, भाकरीची टोपली उचलली आणि ताट तिच्यापुढं धरून म्हणाला, "मावशी, जेवून घे."

"नको रे. कामं पडल्यात."

"बरं," असं म्हणून ताट आणि टोपली ओट्यावर ठेवून तो खरोखरच जिन्याकडं वळला. इतका शिकलेला पोरगा, दोनदा कालवा अरुंद केलेला.

"सोम्या," मी स्टुलावरून ओरडलो, "परत इचार की रे."

तो परत आला. "मावशी, बस की. गरम न्हाय, पण हाय."

"नको म्हणलं न्हवं?" ती म्हणाली, पण हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं होतं.

"अर्धी तरी खा. तुझ्यासाठीच ठेवली."

मल्लव्वानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याचा स्क्रू बघत असल्याचं दाखवलं. ती ओट्यावरचं ताट घेऊन पाटावर बसली, साडी नीट केली आणि ताट हळूच पुढं सरकवलं.

"अर्धीच वाढ हं," ती म्हणाली.

सोमलिंगनं दोन्ही भाकऱ्या वाढल्या.